तुझ्या डोहातला एक मासा

मधू,

तुझ्या रविवारच्या सदराच्या जागेवर या वेळी मी बसलो आहे. नागपूरहून तुझ्या संपादकांचा फोन आला होता. म्हणाले, "लेखात येणारे ते संत्रेवाले मित्र तुम्हीच ना? मग या वेळी तुम्हीच लिहा." मी म्हटलं, मला संत्र्याची कलमं बांधता येतात, वाक्यं बांधता येत नाहीत. त्यावर ते हसले. म्हणाले, "हे वाक्य मधुकररावांच्या लेखात येऊन गेलंय." आता बोल. मी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने काही बोललो, तर तेही तू आधीच छापून ठेवलेलं.

मी कधी बोललोच नाही ते वर्षानुवर्षं माझ्या तोंडी घातलंस. स्टँडवर लोक मला थांबवून माझीच वाक्यं ऐकवतात. तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भन्तेजींचं त्रिसरण-पंचशील झाल्यावर, लोधीखेड्याचे एक निवृत्त गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, की जिल्हा बदलला तरी नदीले कोणी कळवलं नाही." पांढुर्णा जिल्हा झाला त्या आठवड्यात तू ते लिहिलं होतंस. त्या दिवशी मी प्रत्यक्षात एवढंच म्हणालो होतो की आता कागदांवरचे पत्ते बदलावे लागतील. पण गुरुजींचे डोळे भरले होते, त्यांना खरं काय सांगू? मी मान डोलावली.

ते असो. मी लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. तू गेल्यावर सुमनवहिनींनी मला एक काम सांगितलं आणि मी ते केलं. तू असतास तर त्यावरून आपलं कडाक्याचं वाजलं असतं, तू चार दिवस माझ्याशी बोलला नसतास आणि पाचव्या दिवशी चहाला आला असतास. तू नाहीस, म्हणून सगळ्या वाचकांच्या देखत सांगतो.

तुला मासे धरायचा हा नवा नाद लागला तो नागपूरच्या रद्दीच्या दुकानात. कुठलंसं विलायती मासिक तुला तिथे मिळालं. त्यात एक गोरा म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून डोक्यावरून दोरी फिरवत होता, आणि दोरीच्या टोकाला गांडूळ नव्हतं, पिसांची बांधलेली एक माशी होती. आपण लहानपणापासून गळाला गांडूळ लावत आलो, नाहीतर कणकेची गोळी. पिसांची माशी पाण्यावर अलगद ठेवायची आणि मासा तिला खरी समजून वर येईल म्हणून वाट बघायची, हे ऐकून मला हसूच आलं होतं.

"मासा एवढा येडा हाय काय बे?" मी विचारलं.

"येडा नाई, भुकेला हाय," तू म्हणालास. "तू नाई काय स्टँडवरचा कालचा समोसा खात?"

तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यातल्या कोंबड्यांना तुझी धास्ती बसली. माझ्या बैलाच्या शेपटीचे केस गेले, वहिनींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा गेला. वीज मंडळाच्या कचेरीत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, पांढुर्ण्याहून संध्याकाळच्या बसने घरी यायचं आणि ओसरीत दिव्याखाली बसून आकड्यावर पिसं बांधायची. आणि दोरी फेकायचा सराव करायला तुला माझीच बाग सापडली. झाडांच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात उभा राहून तू दोरी मागे न्यायचास, ती मागच्या झाडात अडकायची. पुढे सोडायचास, पुढच्या झाडात अडकायची. एकदा माझी टोपी उचलून नेलीस आणि ती सोडवताना मलाच ओरडलास, की मी नको तिथे उभा होतो. माझ्याच बागेत.

यंदाच्या तोडीला आलेल्या एका बाईने फांदीवरून पिसांचा एक गुंता काढून मला दाखवला. म्हणाली, "भाऊ, हा कायचा रोग हाय?" मी सांगितलं, "मधूचा." तेव्हा तू नागपूरला दवाखान्यात होतास. घरी आलास की सांगू, म्हणून मी ते राखून ठेवलं होतं.

आणि ती मुरमुऱ्याची माशी. आमची मंडळी जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला निघाली की तू सोबत यायचास, ते नदीसाठी. लोक पाण्यात मुरमुरे टाकतात आणि मासोळ्या झुंबड करून वर येतात, हे तू एकदा बराच वेळ बघत उभा राहिलास. घरी येऊन पांढऱ्या दोऱ्याचा हुबेहूब मुरमुरा बांधलास. इतका हुबेहूब, की माझ्या बायकोने तो पुड्यात टाकला असता. मी म्हटलं, चल, येत्या शनिवारी टाकू. तर तू गंभीर झालास. तिथले मासे माणसाच्या भरवशावर वर येतात, तिथे गळ टाकायचा नाही, म्हणालास. मग तो मुरमुरा घेऊन आपण गेलो कन्हानवर, तुझ्या डोहावर, जिथल्या माशांच्या सात पिढ्यांनी मुरमुरा पाहिलेला नाही. सकाळपासून दुपार झाली. एकही मासा फिरकला नाही. मी खडकावर बसून खरे मुरमुरे कांदा घालून खात होतो आणि तू माझ्याकडे न बघता दोरी फेकत होतास.

त्यावर तू लेख लिहिलास तेव्हा मुरमुऱ्याची कल्पना माझी होती असं लिहिलंस. हे मी अजून विसरलेलो नाही.

पण तुझं लिहिणं लोकांना का आवडायचं हे मला ठाऊक आहे. त्यात मासे थोडे असायचे. पांढुर्ण्यात उन्हाळ्यात जाम नदीची वाळूच वाळू होते तेव्हा पुलावरून जाणारी माणसं खाली बघायचं कसं बंद करतात, ते तू लिहिलंस. संत्र्याचा बहार फुटतो त्या दिवसांत बसमधली माणसं खिडक्या उघडतात आणि वाहक त्या बंद करायला सांगत नाही, तेही लिहिलंस. मीही बाजाराला त्याच बसने जात होतो, मला ते दिसलं नव्हतं. तुझ्यामुळे मी खिडकीबाहेर बघायला लागलो. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू त्याचाही लेख केला असतास, म्हणून सांगितलं नाही.

ज्या वर्षी माझ्या बागेला डिंक्या रोग लागला आणि वडिलांच्या हातची झाडं तोडावी लागली, त्या वर्षी तू रोज संध्याकाळी यायचास. मासे धरायची छडी आणायचा नाहीस. धीराचं वगैरे काही बोलायचा नाहीस. करवतीचं दुसरं टोक धरायचास आणि अंधार पडला की घरी जायचास. त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी रविवारी पेपर उघडताना घाबरायचो, की आज आली असेल माझी बाग. तू लिहायचास कोंबड्यांबद्दल, पावसाळी चपलांबद्दल, कशाहीबद्दल. त्याचे उपकार माझ्यावर आहेत, मधू.

आता आपलं भांडण.

तू मासा पकडायचास आणि सोडून द्यायचास. इतक्या वर्षांत एकही मासा घरी नेला नाहीस. मला ते कधी पटलं नाही, आजही पटत नाही. खायचा असेल तर मार, नसेल खायचा तर जाऊ दे ना त्याला आपल्या वाटेने. उगाच तोंडात आकडा अडकवायचा, दमवायचा, हातात घेऊन कौतुक करायचं आणि मग सोडून दिल्याचं पुण्यही घ्यायचं, ही कुठली रीत?

"मी भेटाले येतो त्याहीले," तू म्हणायचास.

"भेटाले जानारा मानूस समोरच्याच्या गालात आकडा नाई घालत."

"तुले नाई समजत."

"मले नाई समजत तर समजावून सांग ना."

एकदा मी बोलून गेलो, की रविवारी विहारात हात जोडून प्राणिहिंसा करणार नाही म्हणतोस आणि तिथून निघून सरळ नदीवर येतोस. पुढच्या खेपेला बघतो तर तुझ्या सगळ्या आकड्यांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट केलेले. आता मासा नुसता हिसडा मारून सुटू लागला. तुझे निम्मे मासे हातात यायच्या आतच जायला लागले आणि तू त्यावरही खूश. मी म्हटलं, आता आकडाच काढून टाक आणि नुसती दोरी भिजवत बस. तू म्हणालास, विचार करून राहिलो.

दवाखान्यात तुला भेटलो तेव्हाही तोच विषय मी काढला. तुला बरं वाटावं म्हणून. तू नळ्यांमधून हात काढून मला गप्प केलंस. "घरी येऊ दे मले, याचं उत्तर देतो तुले," म्हणालास. तुझ्याकडे खरंच उत्तर होतं, की नेहमीची थाप होती? मला वाटतं थाप होती. पण ऐकायला मिळाली असती तर फार बरं झालं असतं रे.

या भांडणात वहिनी कुणाच्या बाजूने होत्या, हे तुला माहीत आहे. त्या कन्हानकाठच्या. लहानपणी घरात आठवड्यातून दोनदा मासे शिजायचे. लग्न ठरताना त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मुलगा वीज मंडळात आहे आणि मासे धरतो. दोन्ही गोष्टींनी त्या खूश झाल्या होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं. आणि मग जन्मभर त्यांनी मासे सौंसरच्या बाजारातून विकत आणले. बाजारातली मासेवाली त्यांना चिडवायची, "काहो बाई, सायबांचा फोटू पेपरात मास्यासंगं आणि तुमी इकडे पिशवी घेऊन?" त्या पिशवी पुढे करून म्हणायच्या, "सायबांचे मासे फोटूतच राहतात." संध्याकाळी तू दारात आलास की चप्पल काढायच्या आधी सुरू व्हायच्या. मी सोबत असलो तर मलाही त्यात वाटा मिळायचा. तू म्हणायचास, छान होता, एवढा होता, आणि हाताने लांबी दाखवायचास. त्या म्हणायच्या, "हात दाखवू नका, ते शिजत नाई."

तू गेल्यावर त्या रडल्या नाहीत. मुलगी पुण्याहून आली, राहिली, परत गेली. वहिनींनी सगळ्यांचं जेवणखाण बघितलं, आल्यागेल्याला चहा दिला. मुलगी मला फोनवर म्हणाली, काका, आई बोलते सगळं, पण माझ्याकडे बघत नाही. मी जाऊन बसायचो. चहा पिऊन उठायचो.

एका संध्याकाळी त्यांनी तुझी छडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. पिसांची डबीही ठेवली.

"भाऊजी, मले एक मासा आणून द्या," म्हणाल्या.

मी म्हटलं, उद्या बाजार आहे, चांगली मरळ बघतो.

"बाजारातला नाई. त्यायच्या डोहातला. त्यायच्या छडीनं धरलेला. मले पाहाचं हाय, एवढे वर्ष काय लपवून ठेवलं माह्यापासून."

मी छडी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. त्यांना ते दिसलं.

"त्याहीले आवडलं नसतं, म्हाईत हाय मले," त्या म्हणाल्या. "पण त्यायच्या आवडीचं लय झालं. एक डाव माह्या मनासारखं होऊ द्या."

घरी येऊन मला झोप लागेना. जन्मभर मी तुला म्हणत आलो, मारून खा. आता माझ्यावर पाळी आली तर मला तुझी बाजू कळायला लागली. त्या डोहातला एकही मासा तू मारला नव्हतास. तू गेल्यावर पंधरवडाही उलटला नव्हता आणि मी तुझ्याच छडीने तिथे जाऊन ते मोडायचं? आणि नाही जायचं, तर वहिनींना काय सांगायचं? गेलेल्या माणसाचं मन राखायचं म्हणून, जी मागे राहिली तिला नाही म्हणायचं? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मधूभाऊजी रागावतील तर तुमच्यावर रागावतील ना? ते तर रोजचंच होतं."

म्हणून मी गेलो. पहिल्या दिवशी तर फजितीच झाली. दोरी माझ्याच पायात गुंडाळली गेली, तुझ्या दोन माश्या बाभळीत गेल्या. तू समोरच्या खडकावर बसून पोट धरून हसला असतास आणि लेखात माझं नाव न घेता सगळं सांगितलं असतंस. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गेलो. तुझी काळी माशी लावली, ती बैलाच्या केसांची. पाणी संथ होतं. मी तुझ्यासारखं मनगट नुसतं हलवून बघितलं आणि कशी कोण जाणे, ती पाण्यावर नीट बसली.

मासा लगेच आला. रुपेरी, लांबट, माझ्या कोपरापर्यंत येईल एवढा. तुझा तो काटा दाबलेला आकडा, मला वाटलं सुटणार. देवाशप्पथ, मला वाटलं सुटावा. तो सुटला नाही. मी त्याला काठाशी आणला, हात ओले केले, कारण कोरड्या हाताने धरायचं नाही हे तू शंभरदा बजावलेलं. आकडा काढला. आणि मग माझा हात आपोआप पाण्यात गेला. तोंड प्रवाहाकडे करून, खालून हलकेच आधार देऊन, तू धरायचास तसाच मी त्याला धरून बसलो. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप माझ्या बोटांना लागत होती. इतकी वर्षं काठावर बसून मी तुला हसत होतो, पण तेव्हा कळलं की माझ्या हाताने सगळं शिकून घेतलेलं आहे. तिथे मला तुझी फार आठवण आली. तू म्हणायचास ते भेटणं, ते त्या घटकेला मला थोडंसं कळलं. सगळं नाही. थोडंसं.

पण मी मूठ उघडली नाही, मधू. मी त्याला मारला.

वहिनींनी तो स्वतः साफ केला. चुलीतली राख घेऊन परसात बसल्या, पदर खोचून. कांदा-खोबरं भाजलं, चिंच भिजवली. घरात किती दिवसांनी फोडणीचा वास आला होता. ज्वारीच्या भाकरी केल्या. मला म्हणाल्या, बसा, तुमी बी जेवाचं. मी त्यांच्यासमोर बसलो. पहिला घास घ्यायला माझा हात होईना. त्यांनी घेतला.

त्या सावकाश जेवत होत्या. काटे काढून ताटाच्या कडेला ठेवत होत्या. कड भरली, तरी काटे निघतच होते. मी एक घास खाल्ला आणि घशात काटा लागून ठसका बसला. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"भाऊजी, हे तं काटेच काटे हायत."

"हो."

"आन् चव बी काई नाई."

"नाई," मी म्हटलं. खरंच नव्हती. नुसत्या शेवाळाची चव.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. "मंग एवढे वर्ष मी कायले भांडली वो त्यायच्यासंगं?" म्हणाल्या. मलाही हसू आलं. दोघं हसत होतो, हाताला रस्सा लागलेला, आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. दाराकडे बघितलं. दिवेलागणीची वेळ झाली होती, तुझी घरी यायची वेळ.

मग त्या रडल्या, मधू. उष्ट्या हाताने, तोंड न झाकता. मी उठायला लागलो तर त्यांनी मानेनेच बसा म्हणून सांगितलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "रिकाम्या हातानं का होईना भाऊजी, येत तं होते."